बघत उभं राहायचा हक्क

आपल्या पोरांत सध्या एक नवा कायदा लागू झालेला आहे. कवितेत झाड आलं, पाखरू आलं, चांदणं आलं की कवी फितूर. बैठकीत मागून कुणीतरी ओरडतो, 'अरे, हा सदाशिव पेठेत राहायला गेला!' सगळे हसतात. पोरगा वही मिटतो. पुढच्या खेपेला तो गटार, रक्त, मूत, कोयता असे चार-सहा शब्द ठासून भरतो आणि टाळ्या घेऊन जातो. ते शब्द खोटे असतात का? नसतात. त्यानं ते भोगलेले असतात. पण पाखरूही त्यानंच पाहिलेलं असतं. त्या पाखराला कोणी मारलं? बामणानं नाही. आपणच.

माझा या कायद्याला विरोध आहे. आणि मी तो कुठल्या समीक्षकाच्या कडेवर बसून करत नाही. गोदीत माल उतरवणारा माणूस म्हणून करतो.

आधी पांढरपेशांचा हिशेब मिटवू. 'तुमच्या लिखाणात सौंदर्य कुठाय?' असं ज्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, त्यांना उत्तर देऊन झालेलं आहे. १९६३ साली बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'नं दिलं. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'नं दिलं. आमच्या खानदेशातल्या धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर आख्खं पुस्तक लिहिलं. शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून सांगितलं, की निव्वळ आनंदाच्या फूटपट्टीनं हे साहित्य मोजता येणार नाही, त्याला समतेचं, स्वातंत्र्याचं, न्यायाचं माप लावा. बरोबर आहे. मला मान्य आहे.

पण पुस्तकं मोजणं हे प्रोफेसर लोकांचं काम. माझा प्रश्न डोळ्याचा आहे. पहाटे पाळीवर निघालेल्या माणसाच्या डोळ्याचा. परक्या शहरात येऊन पडलेल्या, तिथं ना घर ना दार अशा माणसाला रस्त्यातलं काही सुंदर दिसतं का? दिसलं तर ते त्याचं आहे का? आणि ते बघत तो किती वेळ उभा राहू शकतो?

या शेवटच्या प्रश्नात सगळं राजकारण आहे.

मी असोद्याचा. जळगावपासून पाच-सहा किलोमीटर. मुंबई तिथून चारशेहून जास्त किलोमीटर. आमच्या वस्तीतल्या माणसाला परदेश म्हणजे लंडन-अमेरिका नाही. भुसावळकडून येणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात चढला की परदेश सुरू. भाषा बदलते. मी 'मले-तुले' बोललो की टोळीतले हसतात. पाण्याची चव बदलते. कळण्याची भाकरी सुटते.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली ती आमच्या गावात जन्मली, जळगावात सासरी नांदली, १९५१ साली गेली. अक्षर येत नव्हतं. लेकानं, सोपानदेवांनी, पुढाकार घेतला, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट तिच्या कविता छापून आल्या, तेव्हा कुठं शहरातल्या विद्वानांना कळलं की जात्यात, चुलीत, शेतात, सुगरणीच्या खोप्यात काय काय दिसू शकतं. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठालाच तिचं नाव दिलं. मला तिचा अभिमान आहे. हाताला घट्टे पडले म्हणून डोळा मरत नाही, हे तिनं सिद्ध केलं. 'कष्टकऱ्याला कसलं आलंय सौंदर्य?' असं म्हणणाऱ्या आपल्या दोस्तांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

पण एक गोष्ट तिच्या घरी होती, ती आमच्या घरी नव्हती. शेत. आमच्याकडं कापूस फुटला की शिवार पांढरं होऊन जातं. पाव्हणा म्हणतो, काय देखावा आहे! वेचणीला वाकलेल्या आमच्या बायांना तो देखावा दिसत नाही असं कोणी समजू नये. दिसतो. पण थांबून बघायची सोय नाही. संध्याकाळी वेचलेल्या कापसाचं वजन होतं आणि मजुरी किलोवर मिळते. कंबर सरळ करून आभाळाकडं बघितलं तर तेवढे पैसे कमी. आणि वर बांधावरून आवाज, 'काय पाहून राहिली?' हिवाळ्यात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजतात, बडगीत भरीत कुटतात, त्याचा वास गावभर फिरतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय नोंदणीसुद्धा मिळाली. वांग्याला त्याच्या गावाचं नाव कायद्यानं मिळालं. वांगं खुडणाऱ्या बाईला काय मिळालं?

तेव्हा मित्रांनो, गावात सौंदर्याचेही सातबारे असतात. विहिरीचं थारोळं कुणाचं, देवळाचा ओटा कुणाचा, पाराची सावली कुणाची, हे ठरलेलं. आमचे आजे-पणजे तिथून मान खाली घालून गेले. मान खाली असल्यावर काय दिसतं? स्वतःच्या पायाची बोटं.

म्हणून मी परक्या शहराला सरसकट शिव्या देत नाही. परक्या शहरात एक गोष्ट घडते. आपला बाप कुठल्या विहिरीवर पाणी भरत होता, हे तिथल्या झाडाला ठाऊक नसतं. मान जरा वर होते.

बाबासाहेबांचंच घ्या. जुलै १९१३मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. वय २२. कोलंबिया विद्यापीठात शिकायला. आधी काही दिवस हार्टले हॉल नावाच्या वसतिगृहात राहिले. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पुस्तकं मोजतो. जरा त्यांच्या रस्त्यावरच्या चालण्याकडं बघा. खोलीतून ग्रंथालयाकडं जाणारा एक तरुण. वाटेत पायऱ्या आहेत, झाडं आहेत, बर्फ पडतो आहे. तो वाटलं तर थांबतो. त्याला कुणी 'ए, सरक' म्हणत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, की युरोप-अमेरिकेतल्या मुक्कामात आपण अस्पृश्य आहोत ही गोष्टच मनातून निघून गेली होती.

आणि मग सप्टेंबर १९१७. बडोदा. ज्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकले, त्यांची नोकरी करायला आले. गावात खोली मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला घोळका दारात. सामान उचलून बाहेर. स्नेह्यांकडं विचारून पाहिलं, जागा नाही. शेवटी मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले.

ही कमाठी बाग, म्हणजे आजची सयाजी बाग, महाराज सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेली. डेरेदार झाडं, हिरवळ. सुंदरच. महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, महाराजांची बाग मिळाली, महाराजांच्या शहरात एक खोली मिळाली नाही. आता मला सांगा, त्या संध्याकाळी बागेतली झाडं कुरूप झाली होती का? झाडं तशीच होती. बसलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली होती. ज्याला रात्री पाठ टेकायची जागा नाही, त्याला बाग ही बाग नसते, वेळ काढायचा कोपरा असतो. सौंदर्य झाडात असतं का बघणाऱ्यात असतं, यावर पंडितांनी हजार पानं लिहिली. कमाठी बागेतल्या त्या बैठकीनं उत्तर देऊन टाकलं. सौंदर्य बघायला आधी जागा लागते. तिथून आपल्याला कोणी उठवणार नाही, ही खात्री लागते.

कुणी म्हणेल, म्हणजे अमेरिका थोर. थांबा. त्याच कोलंबियात, त्याच हार्टले हॉलमध्ये १९२१ साली एक काळा पोरगा आला. लँगस्टन ह्यूज. खोलीसाठी आधी पत्र पाठवलं होतं. प्रत्यक्ष तोंड पाहिल्यावर कचेरीतल्या लोकांचे चेहरे बदलले. खोली कशीबशी मिळाली, पण वर्षभरातच तो कॉलेज सोडून निघून गेला. त्याला न्यूयॉर्क सुंदर दिसलं ते कोलंबियाच्या पायऱ्यांवर नाही. हार्लेमच्या रस्त्यावर, आपल्या माणसांच्या गर्दीत. १९२३ साली तो जहाजावर कामाला लागून आफ्रिकेला गेला. म्हणजे आपल्या धंद्यातला माणूस! १९२६ साली त्यानं काळ्या लेखकांसाठी एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गोऱ्यांना आवडो न आवडो, आपण आपल्या काळेपणासकट लिहू. आपलं देखणेपण लिहू आणि आपलं कुरूपही लिहू. दोन्ही. आपली पोरं नेमका त्यातला अर्धा भाग गाळतात.

तेव्हा शहर मायाळू नसतं. एकच शहर एकाला बसू देतं, दुसऱ्याला उठवतं. रेघ कुठून ओढली आहे एवढाच प्रश्न. आणि आपल्याकडची रेघही आता विमानात बसून तिकडं पोचली आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिअॅटल शहराला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियात विधिमंडळानं तसाच कायदा मंजूर केला, तर ऑक्टोबर २०२३मध्ये गव्हर्नरनं नकाराधिकार वापरून तो अडवला. १९१३ साली जो प्रश्न न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांना कुणी विचारला नाही, तो आज आपल्याच देशातला शेजारी तिकडच्या ऑफिसात आडून आडून विचारतो. आडनाव काय? गाव कुठलं? घरी काय खाता? मुंबईत खोली बघताना मला हेच तीन प्रश्न याच क्रमानं विचारले गेले. तिसऱ्याच्या आधीच मी जिना उतरलो.

जागा ही एक गोष्ट झाली. दुसरी, वेळ.

डोळे उघडे असून बाराव्या तासाला काही दिसत नाही, हे पाळी केलेल्या कोणालाही विचारा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्या खात्याच्या दुरुस्तीनं १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. आपण याला कामगार कायदा म्हणतो. मी याला कवितेचा कायदाही म्हणतो. आठवड्याला सहा तास माणसाला परत मिळाले. त्या सहा तासांत तो झोपेल, पोराला खांद्यावर घेईल, समुद्रावर जाईल, काहीच न करता बसेल. ते त्याचं. आणि आता? सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला मान्यता दिली. वर सांगतात, कामगाराची संमती घेऊ, ओव्हरटाइम देऊ. पोटाला चिमटा असलेल्या माणसाची संमती कशी घेतात, ते आम्हाला शिकवू नका. सूर्य उगवायच्या आत आत जायचं आणि मावळल्यावर बाहेर यायचं. सूर्यावरच्या कविता कोणी लिहायच्या मग? मंत्र्यांनी?

तिसरी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. 'काय पाहिलंस?' असं विचारणारं कुणीतरी लागतं.

आई फोनवर विचारते, 'जेवला का? तठी पाणी येतं का? पगार झाला का?' तिचं बरोबर आहे, तिच्या जिवाला तेवढंच लागलेलं. पण कामासाठी परगावी गेलेल्या गरिबाला जगात कुणीच विचारत नाही, की बाबा तू काय पाहिलंस. साहेब परदेशी गेला की त्याचं प्रवासवर्णन होतं. मजूर गेला की त्याची मनिऑर्डर होते.

मराठीतल्या दोन पुस्तकांकडं बघा. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० साली आली. घरोघर पोचली. चांगलं पुस्तक आहे, माझं भांडण नाही. १९६१ साली अण्णा भाऊ साठे रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. वाटेगावच्या मांगवाड्यातला माणूस. शाळा दीड दिवसाची. लहानपणी बापाबरोबर पायी चालत मुंबईला आला आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं बघत अक्षरं शिकला असं सांगतात. म्हणजे ज्या पाट्यांकडं मुंबईकर बघतही नाही, त्या परक्या शहरात त्याच्या शाळा झाल्या. त्याच माणसानं 'मुंबईची लावणी' लिहून मलबार हिल आणि परळ एका लावणीत समोरासमोर उभे केले. त्यानंच 'माझी मैना गावावर राहिली' लिहून मुंबईतल्या कामगाराच्या विरहाला महाराष्ट्राच्या लढ्यात आणलं. बायकोचं देखणेपण आणि राजकारण एकाच छकडीत! कोणी म्हणालं का त्याला फितूर? आणि तोच माणूस घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीतून उठून मॉस्को, लेनिनग्राड बघून आला. पण किती घरांत 'अपूर्वाई'च्या शेजारी 'माझा रशियाचा प्रवास' ठेवलेलं आहे? आपल्या तरी घरात आहे का? सप्टेंबर २०२२मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा बसला. पुतळा बघायला लोक जातील. पण अण्णा भाऊंनी काय बघितलं ते वाचायला कोण जाणार?

आता मी मुंबईत काय पाहिलं ते सांगतो. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

जहाजाच्या पाठीवर 'मोनरोव्हिया' लिहिलेलं असतं, खलाशी फिलिपिनो असतात आणि मालक तिसऱ्याच देशात बसलेला असतो. खलाशी वरून मुंबईकडं बघतो, मी खालून जहाजाकडं बघतो. किनाऱ्यावर उतरायचा पास नसला तर तो वरच. दोघंही परदेशात. एकमेकांना हात करतो. पोलादाची कॉईल क्रेनला लटकून खाली येते, तेव्हा सिग्नलवाल्याचा हात हवेत फिरतो. बोटं मिटतात, उघडतात, तळवा सावकाश खाली येतो. त्या तळव्याखाली माझ्यासारख्या सहा जणांचा जीव असतो. भरतनाट्यमवाल्यांच्या मुद्रा मी टीव्हीवर पाहिल्यात. याच्या बोटांत एक मुद्रा चुकली तर माणूस सपाट होतो. म्हणून ती चुकत नाही. हे सुंदर नाही तर काय आहे?

शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. आपल्या मराठीत रोहित पक्षी. तेलाच्या टाक्या, भंगार, काळा चिखल, आणि त्या चिखलात हजारोंनी गुलाबी पाय. ते चिखलातलंच खाऊन गुलाबी होतात. ओहोटीला लांबलांब कॅमेरे घेऊन लोक येतात. फोटोत पक्षी येतात, मागच्या झोपड्या येत नाहीत. कॅमेरा जरा तिरका धरतात. शिवडीहूनच जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला. जवळजवळ २२ किलोमीटर, समुद्रावरून. वरून काय दिसत असेल! पण पायी जाता येत नाही, मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही. म्हणजे देखावा आहे, पण चारचाकी असलेल्यांसाठी.

आणि याच शहरात 'सौंदर्य' या शब्दाचं पुढं काय करतात तेही बघा. डिसेंबर २०२२मध्ये महापालिकेनं सुमारे १७०० कोटींचं सुशोभीकरण काढलं. खांबांना रंगीत दिवे गुंडाळले. त्याच महिन्यात जी-२०चे पाव्हणे आले, तर रस्त्याकडेच्या झोपडपट्ट्यांवर पडदे लावले. म्हणजे ज्यांच्या हातांनी हे शहर उभं राहिलं, ती माणसं शहराचं कुरूप! आम्हीच रंग द्यायचा, आम्हीच खांबाला दिवा बांधायचा आणि शेवटी आमच्याच दारावर पडदा. समुद्रकाठच्या एका बागेत मीही बाकावर बसलो होतो. अंगावर कामाचे कपडे. रखवालदार काठी आपटत आला, 'किधर से आया? चल, उठ.' शेजारच्या बाकावर इस्त्रीचे कपडे बसले होते. त्यांना उठवलं नाही. कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की घामट शर्टानं सूर्यास्त बघू नये. पण काठीला कायदा वाचता येत नाही.

दोस्तांनो, म्हणून म्हणतो. 'सुंदर' हा शब्द तुम्ही मध्यमवर्गाचा म्हणून टाकून दिलात, की तो उचलायला महापालिका तयार आहे, बिल्डर तयार आहे, पडदेवाला तयार आहे. शब्द टाकून दिल्यानं शत्रू निःशस्त्र होत नाही. आपण होतो. चवदार तळ्याचं पाणी आपण १९२७ साली प्यालो, ते काय पाणी गोड होतं म्हणून? हक्क होता म्हणून. तसाच हा हक्क आहे. बाकावर बसायचा, पारावर बसायचा, पुलावरून चालत जायचा, आठ तासांनंतर घरी यायचा, आणि वाटेत जे दिसेल ते बघत उभं राहायचा.

मी असं म्हणत नाही की मोगऱ्यावर लिहा. चंद्राला भाकरी म्हणा, नाहीतर चंद्रच म्हणा, तुमची मर्जी. गटार लिहा, रक्त लिहा, अत्याचार झाला त्या गावाचं नाव घेऊन लिहा. ते थांबवणारा मी कोण? पण व्यवस्थेनं तुमच्या पोटावर, पाठीवर, आडनावावर ताबा घेतला. डोळ्यावरचा ताबा तुम्ही स्वतःहून देऊ नका. दुःख लिहिणारा माणूस आणि पाखरू बघणारा माणूस एकच आहे, हे ज्या दिवशी ते वाचतील, त्या दिवशी त्यांना खरी भीती वाटेल. नुसत्या रडणाऱ्याची कीव करता येते. सगळं बघणाऱ्याची करता येत नाही.

तर पुढच्या अंकासाठी माझी सूचना अशी. जे गाव सोडून मुंबईला, पुण्याला, सुरतेला, दुबईला कामाला गेले आहेत त्यांनी प्रत्येकी अर्धं पान लिहून पाठवावं. कविता नको, अलंकार नको. काय पाहिलं, कुठल्या रस्त्यावर, किती वाजता. आणि बघत असताना कुणी उठवलं असेल तर तेही लिहा. अशी शंभर अर्धी पानं जमली, की ज्या ज्या बाकावरून आपल्याला उठवलं त्या सगळ्या बाकांची यादी आपल्या हातात असेल. मग एका रविवारी तिथं जाऊन बसू. सगळे मिळून. कामाच्या कपड्यांत.

जयभीम.